भिंतीला आधी कळायचं

पोटच्या पोरानं आईकडे यावं, तिचा चहा प्यावा, तिची बिस्किटं त्यात बुडवून खावीत आणि उठताना तिच्याच डोक्याची चौकशी करून जावं, ही कुठली रीत? ट्रेव्हरनं हा नवाच शिरस्ता पाडला होता. पूर्वी आला की नळ गळतोय का, छप्पर धड आहे का, असं विचारायचा. आता कोटही न काढता टीव्हीखालच्या रेकॉर्डिंगच्या डब्यापुढं उकिडवा बसायचा, रिमोट हातात घ्यायचा, आणि दाताच्या डॉक्टरासारखा नुसता "हं… हं…" करायचा.

"आई, हा मेंढ्यांच्या बाजाराचा कार्यक्रम कुणी साठवलाय?"

"मी नाही."

"सहा भाग आहेत."

"असू देत. मला मेंढी ताटात आवडते, टीव्हीत नाही."

"डबा आपणहून काही करत नसतो, आई. कुणीतरी बटण दाबावं लागतं."

"मग तुझ्या बापानं दाबलं असेल. थडग्यात करमत नसेल त्याला."

ट्रेव्हर हसला नाही. पूर्वी हसला असता. त्यानं मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि असा काही सुस्कारा टाकला की एडनाच्या हातातली किटली तिथंच थांबली.

"घड्याळ मागं आहे तुझं."

"ठाऊक आहे. मीच केलंय."

"का?"

एडनानं त्याच्या कपात चहा ओतला. 

एडना क्रॉम्प्टन म्हणजे टेकडीवरच्या त्या गल्लीतली सगळ्यात जुनी बाई. घरं एकाला एक चिकटलेली, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, मधे एका विटेची भिंत. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ती कापडाच्या गिरणीत मागावर उभी राहिली. मागांच्या खडखडाटात बोललेलं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून तिथल्या बायका ओठांवरून बोलणं वाचायला शिकत. एडना रस्त्यापलीकडच्या दोघी काय कुजबुजतात ते पडद्याआडून सांगायची. गिरणीनं तिचा डावा कान नेला, पण उजवा शाबूत ठेवला, आणि जीभ तर धार लावून परत दिली. नवरा गेल्यावर एकच मुलगा, ट्रेव्हर. तो खाली गावात बायकोबरोबर राहायचा. बायको लॉरेन. तिच्याविषयी एडनाचं जे मत होतं, ते तिनं लग्नाच्या आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. पुन्हा सांगायची गरज पडली नव्हती, तरी ती अधूनमधून सांगायची.

डबा ट्रेव्हरनंच उन्हाळ्यात आणून बसवला. आधीचा व्हिडिओ रेकॉर्डर गाढव होता, पण सांगितलेलं ऐकायचा. हा डबा हुशार होता आणि हुशार नोकरासारखाच मुजोर. खुनाची गोष्ट साठवायला सांगावी, तर खुनी सापडायच्या ऐन आधी हा रेकॉर्डिंग संपवून मोकळा. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या चेहऱ्याचे मधेच चौकोनी तुकडे करायचा, तोंड कपाळावर आणि डोळा हनुवटीला. जागा भरली, काय पुसू, असं विचारायचा. एडनानं मेंढ्या पुसायला सांगितल्या की हा नाचाची स्पर्धा पुसायचा. बंद केला तरी त्याचा तांबडा दिवा जागाच. एडनानं त्यावर चहाच्या किटलीची लोकरी टोपी घालायला सुरुवात केली, तर एक दिवस टोपीतून वाफ यायला लागली.

एकच बटण तिला मनापासून आवडायचं. थांबवायचं. चहाचं आधण ठेवायला उठावं, बटण दाबावं, की टीव्हीतला माणूस तोंड उघडं टाकून जागच्या जागी गोठायचा. परत येऊन बटण दाबलं की निमूट पुढं बोलायला लागायचा. आयुष्यभर कुणी पुरुष तिच्यासाठी असा थांबला नव्हता. एडना दिवसातून कितीदा तरी ते बटण दाबायची. चॅनेल मात्र बदलायची नाही. एकच बघायची, बाकीच्यांवर तिचा विश्वास नव्हता.

आणि मग ऑक्टोबरात भिंत बोलायला लागली.

उजव्या हाताची भिंत, शेकोटीची. तिच्यापलीकडे विनी हारग्रीव्ह्जचं घर. विनी ईस्टरच्या आसपास गेली. बसल्या खुर्चीत, कुणाला न सांगता. तिला मूलबाळ नव्हतं. भाचा ऑस्ट्रेलियात, त्यानं घर विकायला काढलं आणि किल्ली ट्रेव्हरकडे देऊन टाकली, अधूनमधून डोकावून जा म्हणून. खिडक्यांना पडदे ओढलेले, दाराशी विकायची पाटी. एवढ्या वर्षांचा शेजार, पण विनी गेल्यापासून एडनानं त्या भिंतीकडे पाठ करूनच बसायची सवय लावून घेतली होती.

त्या संध्याकाळी हवामानाचा माणूस नकाशापुढं उभा राहिला. त्यानं तोंड उघडायच्या आत एडनाच्या उजव्या कानाशी, भिंतीतून, त्याचाच आवाज आला: "उत्तरेकडे धुकं." दबका, पाण्याखालून आल्यासारखा. मग टीव्हीतल्या माणसाचे ओठ हलले आणि ते तेच म्हणाले. उत्तरेकडे धुकं.

कान वाजत असतील, असं ती स्वतःला म्हणाली. गिरणीतल्या बाईचे कान वाजायचेच. पण वाजणारे कान शिट्ट्या घालतात, धुक्याचा अंदाज देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी भिंत एक वाक्य पुढं होती. आठवड्यानं, अख्खा अंदाज भिंतीत संपून जायचा, शेवटची वाद्यं वाजायची, आणि मग एडनाच्या टीव्हीत तो माणूस हसत नकाशापुढं यायचा. तिला तो बोलका मुडदा वाटायला लागला. तो काय बोलणार, कुठं हात करणार, कुठं हसणार, सगळं तिला आधीच ठाऊक, आणि त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही की ते बोलून झालंय. भिंतीवरचं घड्याळही तिच्या टीव्हीतल्या बातम्यांच्या वेळेशी जुळेना. घड्याळ पुढं पळतंय म्हणून तिनं ते मागं केलं. पुन्हा जुळेना, पुन्हा मागं केलं. त्या बुधवारी बाजाराची बस तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

बंद घरात कोण टीव्ही लावणार? आणि लावला, तरी जे घडायचंय ते आधी कुणाला ऐकू येणार? एडनानं पुष्कळ विचार केला आणि तिला एकच उत्तर सापडलं. जे गेलेत ते आपल्या पुढं असतात. विनी पुढं गेलीय आणि दिवसेंदिवस आणखी पुढं चाललीय. पलीकडं बसून ती तेच बघतेय, फक्त आधी.

चूक तिची एवढीच, की ती ट्रेव्हरला बोलून बसली. भिंतीचं नाव निघताच त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, मग चढलं. "बंद आहे ते घर," तो म्हणाला. "मी स्वतः बघून येतो ना. वीस वर्षं मागावर काढलीस आई, कानात काहीबाही येणारच. डोक्यात येतं ते." तेव्हापासून ते हं-हं सुरू झालं. तेव्हापासून डब्यातली प्रत्येक मेंढी तिच्या नावावर जमा व्हायला लागली. आणि आज, घड्याळाकडे बघून सुस्कारा टाकल्यावर, त्यानं बिस्कीट चहात विरघळू देत सांगून टाकलं:

"सोमवारी एक बाई येईल, आई. नगरपालिकेच्या कचेरीतली. चांगली आहे. नुसतं बोलेल तुझ्याशी."

"काय बोलेल?"

"आज वार कुठला, पंतप्रधान कोण, असं. म्हणजे म्हाताऱ्यांच्या देखरेखीच्या घरांत जागा मिळेल तुला. तिथं दोरी ओढली की कुणीतरी येतं."

"मी संडासातली दोरी ओढली की पाणी जातं. मला तेवढं पुरतं."

"विचार कर."

"हे घर सोडेन तेव्हा पाय पुढं करून, पेटीतून सोडेन," एडना म्हणाली. पण तो गेल्यावर ती बराच वेळ उभीच राहिली. वार कुठला ते तिला ठाऊक होतं. पण ती बाई बोलत असताना भिंत मधेच बोलली तर? ती काय करणार, न ऐकल्यासारखं करणार? आणि न ऐकल्यासारखं करावं लागणं म्हणजेच वेड नव्हे काय?

शुक्रवारी दुपारी बेरिल आली. बेरिल घरोघर जाऊन म्हाताऱ्या बायकांचे केस बसवून द्यायची. एडनाच्या डोक्याला गुंडाळ्या लावून तिनं वाळवायचं यंत्र सुरू केलं, आणि टीव्हीत प्रश्नमंजुषा लागली. विनीची आवडती. हयात होती तेव्हा विनी भिंतीपलीकडून उत्तरं ओरडायची, सगळी चुकीची.

यंत्राची घरघर डाव्या कानाशी होती. उजव्या कानाशी भिंत होती.

"पेरू देशाची राजधानी कोणती?" टीव्हीतल्या माणसानं विचारलं.

"लिमा," एडना म्हणाली. ते तिनं मघाशीच ऐकलं होतं.

"लिमा! बरोबर!"

बेरिलचा हात थांबला. पुढचा प्रश्न कुठल्याशा राजाच्या तिसऱ्या राणीचा होता. एडनानं नाव सांगितलं. मग एका नदीचं. मग प्रश्न विचारून पुरा व्हायच्या आधीच, "तांबं."

"तांबं! बरोबर!"

"अगंबाई, मिसेस क्रॉम्प्टन," बेरिल म्हणाली, "इतकी वर्षं कुठं लपवली होती ही विद्या? मी तुम्हाला अडाणी समजत होते!"

"तशी तू बऱ्याच गोष्टी चुकीच्या समजतेस, बेरिल. मागच्या महिन्यात माझे केस तसेच केले होतेस."

पण पेरू कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. त्याला राजधानी आहे हेही आजच कळलं. मग हे तिच्या डोक्यातून आलं कसं म्हणायचं? डोक्यात जे नाहीच, ते डोक्यातून येत नाही. म्हणजे वेड नाही. मग जे उरतं त्याचा विचार तिला बेरिलसमोर करायचा नव्हता.

ट्रेव्हर नेमका तेव्हाच आला. बेरिलनं दारातच त्याला सगळं रंगवून सांगितलं. त्यानं आधी ऐकल्यासारखं केलं, मग खरंच ऐकलं.

"कधी? आत्ता? प्रश्नमंजुषेच्या वेळेला?"

"हो की. आत्ताच संपली."

"भर दुपारी?" तो म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं त्या भिंतीकडे बघितलं. नजर एडनाच्या ओळखीची होती. लहानपणी कोळशाच्या तळघरात जायचं म्हटलं की तो असाच बघायचा. चहा न घेताच निघून गेला.

रविवार आला. उद्या ती बाई. एडनानं पायरी घासली, पडदे धुतले, पंतप्रधानाचं नाव तीनदा म्हणून बघितलं. अंधार लवकर पडला. तिनं डबा थांबवून मटण-बटाट्याची पाई गरम करायला ठेवली, परत येऊन डबा चालू केला, आणि पलीकडे हवामानवाला बोलायला लागला. तिच्या टीव्हीत अजून कुठल्याशा चर्चमधली माणसं गात होती.

मग तिला राग आला. भीतीपेक्षा राग तिला नेहमीच लवकर यायचा. शेकोटीजवळचा लोखंडी गज तिनं उचलला आणि शेकोटीच्या मागच्या भिंतीवर तीनदा हाणला. ठाण, ठाण, ठाण.

त्या गल्लीत कुणी कुणाला हाक मारायला दार उघडून थंडीत जायचं नाही. शेकोटीत गज वाजवायचा. तीन ठोके म्हणजे ताट वाढलंय. बायका त्याला उलट ठोकत नसत. सरळ उठून यायच्या. उलट ठोकायची ती पोरं. शेजारी खेळायला गेलेलं पोर तीन ठोके ऐकलं की दोन द्यायचं: ऐकलं, आलो.

पलीकडचा हवामानवाला बोलता बोलता अर्ध्यात तुटला.

शांतता झाली. एवढी, की शेकोटीतला कोळसा बसल्याचा आवाज आला.  आणि मग, भिंतीच्या आतून, हळू, जरा लाजल्यासारखे:

ठक. ठक.

एडना खाली बसली. भीती तिच्या अंगातून सळसळत गेली ती एकदाच. ती जिथून गेली तिथं दुसरंच काही येऊन बसलं. विनीला मूल नव्हतं. त्या भिंतीतून दोन ठोके आजवर एकाच पोरानं दिले होते, आणि ते पोर मेलेलं नव्हतं. ते गुरुवारी तिची बिस्किटं खाऊन गेलं होतं.

तिनं घरातला एप्रन सोडला. एप्रन घालून ती कधी दाराबाहेर पडली नव्हती, आणि आजही पडणार नव्हती. बूट घातले, चांगला कोट घातला, टोपीला पिन लावली. विनीच्या दाराशी जाऊन तिनं दारातल्या पत्रं टाकायच्या फटीची झडप उचलली आणि आत म्हणाली,

"ट्रेव्हर, पाई गार होतेय."

दार उघडायला बराच वेळ लागला. तो मोज्यांवर होता, दाढी वाढलेली, अंगात बापाचा जुना स्वेटर. विनीच्या बैठकीत, विनीच्या खुर्चीशेजारी जमिनीवर एक अंथरूण, घमेल्यात धुतलेले दोन शर्ट, आणि बीन्सचा उघडा डबा, त्यात चमचा उभा. टीव्ही शेकोटीच्या भिंतीला टेकवलेला, आवाज बंद. त्याच्याखाली काळा डबा, तांबड्या डोळ्याचा.

"लॉरेननं हाकललं मला," ट्रेव्हर म्हणाला. "सप्टेंबरातच."

"का?"

"दुसरा आहे कुणीतरी. गाडी शिकवतो."

"मग घरी यायला काय झालं होतं? घर बघितलंयस ना माझं? हेच, पण स्वच्छ."

"तू बोलली असतीस, आई."

"बोलले असते."

"लग्नाच्या आदल्या दिवसापासून बोलतेयस."

 एडनानं टीव्हीकडे हात केला. "आणि हे? हे माझ्याआधी कसं बोलतं?"

"तू चहाला उठलीस की थांबवतेस ना," तो खाली बघत म्हणाला. "थांबवलं की तू तेवढी मागं पडतेस. परत चालू केलंस तरी मागंच राहतेस. दर चहाला आणखी मागं. हा टीव्ही पुढं नव्हता, आई. तू मागं होतीस. एक बटण दाबलं की बरोबर येतं."

"तुला ठाऊक होतं."

"तू भिंतीचं सांगितलंस तेव्हा कळलं."

"आणि तरी म्हणालास, डोक्यात येतं."

ट्रेव्हरनं बीन्समधला चमचा उचलला आणि पुन्हा तसाच उभा केला.

"शुक्रवारी," एडना म्हणाली. "दुपारी तू इथं होतास?"

"नाही ना," ट्रेव्हरचा आवाज पार बसला. "मी कामावर होतो. सहाशिवाय सुटत नाही, फक्त त्या दिवशी लवकर निघालो. म्हणून तर…" तो डब्याकडे बघत होता. "मी जाताना बंद करून जातो सगळं. संध्याकाळी येतो तर टीव्ही चालू. नेहमी. आधी वाटलं, मीच विसरतो. मग वाटलं, माझंच डोकं…"

तेवढ्यात डब्यात काहीतरी टिचकलं. तांबडा दिवा निळा झाला. कुणी रिमोटला हात लावला नव्हता. तो खुर्चीच्या हातावर पडला होता, विनी ठेवायची तिथंच. हवामानवाला पडद्यावरून गेला आणि त्याच्या जागी नाचाची स्पर्धा आली, झगमगते झगे, टाळ्या, सगळं मुक्यानं. खाली एक पट्टी उमटली: तुमचा कार्यक्रम सुरू होत आहे.

दोघंही विनीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. खुर्चीच्या उशीत तिच्या बसण्याचा खळगा अजून होता.

"मी वीज चालू केल्यापासून असं करतो तो," ट्रेव्हर कुजबुजला. "विनीमावशीनं लावून ठेवलेलं. प्रश्नमंजुषा, नाच, सगळं. बंद असला तरी जागा होतो, टीव्हीलाही उठवतो. मी पुसायला गेलो तर तिचा गुप्त आकडा मागतो. वायर काढून ठेवली एकदा, परत लावली तर त्याच्या लक्षात होतंच. मला इथं झोप येत नाही आई."

"त्याला कुणी सांगितलंच नाही, की बाई गेली," एडना म्हणाली. पडद्यावर एक जोडपं गिरकी घेत होतं. ती त्यांचे ओठ वाचायचा प्रयत्न करत होती. दोघं हसत हसत एकमेकांना मोजून दाखवत होती, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. मग तिनं खुर्चीला वळसा घातला, तिला धक्का न लावता, आणि पोरासमोर येऊन उभी राहिली. पोरगा तिच्याहून हातभर उंच होता. तरी वर त्यालाच बघावं लागलं असं वाटलं.

"घाबरतोस काय?" ती म्हणाली. "मीही घाबरले होते. महिनाभर. या भिंतीला पाठ लावून एकटी बसत होते, आणि तू एका विटेपलीकडं बीन्स खात होतास. ऐक आता. लॉरेननं हाकललं त्याची लाज तुला नको, ती तिची. मी बोलले असते, हे खरं. दोन दिवस बोलले असते आणि तिसऱ्या दिवशी तुझे शर्ट धुतले असते. ते दोन दिवस टाळायला तू माझी अक्कल विकायला काढलीस, ट्रेव्हर, या घरासारखी, दाराला पाटी लावून. विनी मेली तरी तिच्यामुळं मला उत्तरं बरोबर मिळाली. तू जिवंत असून एकही दिलं नाहीस. अंथरूण उचल. मागच्या खोलीत झोप. उद्या ती कचेरीतली बाई आली की दार तू उघडायचं, आणि माझ्यादेखत तिला सांगायचं, की भिंतीत कोण होतं आणि खोटं कोण बोललं. ते तुझ्या तोंडून निघेपर्यंत तू माझ्या घरात पाहुणा आहेस. मुलगा नाहीस."